बैल न जुंपता रहाट फिरेल का?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

दिवसभराची कामं उरकून कुणी अंगणात बसली असेल, कुणाच्या तव्यावर अजून भाकरी असेल. हात चालू राहू द्या, कान फक्त इकडे द्या.

मी बचत गटांची समन्वयक. कर्ज, हप्ते, बँकेचे कागद हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र मी सिनेमातल्या विज्ञानावर बोलणार आहे. अदृश्य होणारा माणूस, चंद्रावर जाणारी तोफ, मागे पडणारा काळ अशा गोष्टींवर. तुम्ही म्हणाल, ताईला झालंय काय? शिवाय मी बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञान दहावीलाच सुटलं. तरी बोलते, कारण या गोष्टी समजून घेतल्या म्हणून आमच्या गटाचे ऐंशी हजार रुपये वाचले. सगळे वाचले नाहीत, तेही सांगते.

झालं असं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात एक माणूस यंत्र घेऊन आला. लोखंडी चौकटीत एक बॅटरी, एक मोटर, पट्टा आणि एक जनरेटर. तो म्हणाला, "बॅटरी मोटर फिरवते, मोटर जनरेटर फिरवते, जनरेटर वीज तयार करतो. त्यातली थोडी वीज परत बॅटरीत जाते आणि उरलेल्या विजेवर तुमचा तीन एचपीचा पंप चालतो. डिझेल नको, बिल नको, ऊनही नको. एकदा घ्या, जन्मभर पाणी." त्याने देवळासमोर यंत्र चालू करून दाखवलं. अर्धा तास दोन बल्ब लखलखीत पेटले. किंमत ऐंशी हजार.

आमच्या गटात एक काकू आहेत. दीड एकर रान, विहिरीला पाणी, पण वीज येते ती रात्री. मुलगा रात्री-बेरात्री पाणी द्यायला जातो आणि काकूंचा जीव टांगणीला लागतो, कारण भावकीतला एक पोरगा असाच रात्री सर्पदंशाने गेला. काकूंनी शेळी विकून पाच हजार रुपये आगाऊ दिले आणि उरलेल्या पैशांसाठी गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत आम्ही बाराजणी. सगळ्यांनी डोळ्यांनी बल्ब पेटलेला पाहिला होता. मग शंका कशाला घ्यायची? खरं सांगते, मी स्वतः कर्जाचा अर्ज भरायला घेतला होता.

त्याच आठवड्यात टीव्हीवर 'मिस्टर इंडिया' लागला होता. १९८७चा सिनेमा, पण पोरं अजून आवडीने बघतात. मनगटावर यंत्र बांधलं की अनिल कपूर दिसेनासा होतो आणि लाल प्रकाशात मात्र दिसतो. काकूंची नात आठवीत आहे. ती मला म्हणाली, "ताई, असं खरंच होऊ शकतं का?" मला उत्तर येईना. म्हणून तिला घेऊन आमच्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांकडे गेले. ते निवृत्त झालेत, पण शिकवायची हौस गेलेली नाही.

सरांनी आधी पोरीला विचारलं, "वडापावचा कागद पाहिलास का? तेल लागलं तिथे काय होतं?"

ती म्हणाली, "तेवढा भाग आरपार दिसतो."

"का?"

आम्ही दोघी गप्प. सर म्हणाले, कागद म्हणजे बारीक तंतूंची जाळी, मधे मधे हवा. उजेड तंतूतून हवेत, हवेतून परत तंतूत जाताना प्रत्येक ठिकाणी वळतो, विखुरतो. म्हणून कागद पांढरा दिसतो आणि पलीकडचं दिसत नाही. तेल त्या फटी भरून टाकतं. तेलात आणि तंतूत उजेड साधारण सारखाच वळतो. मग विखुरणं कमी होतं आणि उजेड सरळ पार जातो. पाण्यात फुगणारे रंग नसलेले जेलचे मणी पाण्यात टाकले की दिसत नाहीत, तेही याच कारणाने.

एच. जी. वेल्स नावाच्या इंग्रज लेखकाने १८९७ साली अदृश्य माणसावर कादंबरी लिहिली. तिच्यात त्याने हाच तेलाच्या कागदाचा दाखला दिला आहे. म्हणजे कल्पना हवेतली नव्हती, तिला भौतिकशास्त्राचा पाया होता.

मग सरांनी खरी गोम सांगितली. आपल्याला दिसतं कसं? उजेड डोळ्यात शिरतो, डोळ्यातलं भिंग तो गोळा करतं आणि मागच्या पडद्यावर तो शोषला जातो. शोषला गेला तरच मेंदूला निरोप जातो. आता माणूस पूर्ण अदृश्य झाला, म्हणजे उजेड त्याच्या अंगातून अडथळ्याशिवाय पार जातो. मग तो डोळ्यांतूनही पार जाणार. पडद्यावर काही थांबणारच नाही. म्हणजे पूर्ण अदृश्य माणूस ठार आंधळा! चोर पकडणं राहू द्या, त्याला घराचं दारही सापडणार नाही.

नात खळखळून हसली. मला मात्र आपली गटाची वही आठवली. दिसायचं असेल तर उजेड डोळ्यात खर्च पडला पाहिजे. खर्चाची बाजू कोरी ठेवून जमेची बाजू भरता येत नाही. सिनेमावाल्याने जमा दाखवली आणि खर्च लपवला.

पोरीने लगेच दुसरा प्रश्न काढला, चंद्रावर जायचा. सरांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाचं नाव सांगितलं. त्याची कादंबरी १८६५ची. तिच्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडात जमिनीत एक प्रचंड तोफ ओततात. लांबी ९०० फूट, म्हणजे साधारण २७० मीटर. पोकळ गोळ्यात तीन माणसं बसवून चंद्राकडे डागतात. पुढे १०४ वर्षांनी, १९६९ साली, अपोलो ११ यान फ्लोरिडातूनच उडालं आणि त्यातही तीनच माणसं होती. व्हर्नने एक गोष्ट बरोबर ओळखली होती. पृथ्वीची ओढ सोडवायला भयंकर वेग लागतो, सेकंदाला साधारण ११ किलोमीटर.

चूक कुठे होती? तो सगळा वेग तोफेच्या नळीत, २७० मीटरमध्ये गाठायचा! एसटीने अचानक ब्रेक मारला की आपण पुढच्या सीटवर आदळतो. वेग एकदम बदलला की अंगावर झटका येतो. सरांनी पाटीवर हिशेब केला. त्या तोफेत माणसाला स्वतःच्या वजनाच्या बावीस हजार पट दाब सोसावा लागेल. ५० किलोच्या बाईवर अकराशे टन. दहा टनी भरलेले शंभराहून जास्त ट्रक एकाच वेळी अंगावर. चंद्र दूरच, नळीच्या तोंडापर्यंतही कुणी जिवंत पोहोचणार नाही.

मग आपलं चांद्रयान कसं गेलं? इथे मला फार गंमत वाटली, कारण ते हप्त्याहप्त्याने गेलं. १४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून उडालं. अपोलोसारखा अवाढव्य अग्निबाण आपल्याकडे नव्हता. म्हणून यान आधी पृथ्वीभोवती लांबट घिरट्या घालत राहिलं. पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं, की पुढची घिरटी आणखी लांब. असं पाच वेळा केलं आणि मग १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागलं. २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. ४० दिवस लागले, पण पोहोचलं. त्या मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक एक बाई होत्या, कल्पना कालाहस्ती. आपल्याला एकरकमी झेपत नाही तेव्हा आपण हप्ते पाडतो, पण मुद्दल चुकवत नाही. इस्रोनेही लागणारी ऊर्जा चुकवली नाही, ती जमेल तशी विभागून भरली.

आता काळाची गोष्ट. सिनेमात एखादा माणूस अंतराळातून परत येतो तर त्याची पोरं म्हातारी झालेली असतात. मला ही शुद्ध थाप वाटायची. सर म्हणाले, ही थाप नाही. जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ मंद चालतं, जिथे कमी तिथे जलद. फार वेगाने फिरणारं घड्याळही मंद पडतं. पुरावा तुमच्या पदराला बांधलेला आहे, तुमचा मोबाईल. मोबाईलवर रस्ता दाखवणारा नकाशा जीपीएसच्या उपग्रहांवर चालतो. ते साधारण २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्यातली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण उपग्रहाचा संदेश उजेडाच्या वेगाने येतो आणि ३८ मायक्रोसेकंदांत उजेड ११ किलोमीटर जातो. घड्याळांचा हा फरक आधीच हिशेबात धरला नसता, तर नकाशात दिवसाला दहा किलोमीटरहून जास्त चूक साचत गेली असती. आपल्या पापडांचा टेम्पो भलत्याच गावाला गेला असता.

म्हणजे ज्याला मी थाप समजत होते ते खरं निघालं. फक्त ते फार छोट्या मापात खरं आहे. घरातली पोरं म्हातारी व्हायची तर कृष्णविवरासारख्या अतिप्रचंड ओढीच्या वस्तूजवळ जायला हवं, नाहीतर उजेडाच्या जवळपास वेग गाठायला हवा. तेवढी ऊर्जा आज कुणाच्याच खात्यात नाही.

कृष्णविवरावरून सरांनी आपल्या माणसाची गोष्ट सांगितली. डॉ. जयंत नारळीकर, कोल्हापूरला जन्मलेले जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' नावाची कथा लिहिली, पण स्वतःच्या नावाने पाठवली नाही. जयंत विष्णू नारळीकर ही अक्षरं उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. आपलं नाव बघून परीक्षकांनी भाळू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. सांगणारा कोण, त्याचा थाट काय, यापेक्षा तो सांगतोय काय ते तपासा, हे एवढा मोठा माणूस स्वतःच्या बाबतीत पाळत होता.

हे ऐकलं आणि मला घाम फुटला. कारण देवळासमोरच्या त्या माणसाचं आम्ही काय तपासलं होतं? इस्त्रीचे कपडे, गाडी, इंग्रजी शब्द आणि दोन बल्ब. मी सरांना यंत्राचं सगळं सांगितलं. सर हसले नाहीत. त्यांनी नातीलाच विचारलं, "बाळ, तुमच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. बैल न जुंपता रहाट फिरेल का?"

"नाही."

"आणि रहाटाने वर काढलेलं पाणी परत रहाटावर सोडून तोच रहाट फिरवला, वर शेतालाही पाणी दिलं, तर?"

पोर म्हणाली, "सर, असं कसं होईल? पाणी वर काढायला जोर लागतो तो कुठून येणार?"

बायांनो, आठवीतल्या पोरीने जे ओळखलं ते आम्हा बाराजणींना ओळखता आलं नव्हतं. ऊर्जा शून्यातून तयार होत नाही आणि नाहीशीही होत नाही. ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. निसर्गाची ही वही आजवर एकदाही चुकलेली सापडलेली नाही.

सरांनी हिशेब मांडला. उदाहरण म्हणून बॅटरीतून १०० रुपयांची वीज निघाली असं धरा. मोटर ती सगळी फिरण्यात देत नाही. मोटर गरम होते, गुणगुणते, पट्टा घासतो. चांगली मोटर असली तरी ८५ पुढे देईल. जनरेटर त्यातले ८५ टक्के, म्हणजे ७२ रुपये देईल. ते बॅटरीत भरताना आणि परत काढताना आणखी गळती, हातात राहिले साठ. एका फेरीत शंभराचे साठ झाले. यात पंपाला द्यायला उरलं काय? हे म्हणजे गटातून कर्ज काढून त्याच गटात ठेवायचं आणि दर फेरीला चाळीस रुपये वाटेत सांडायचे. अशाने कुणी श्रीमंत झालंय का?

"मग बल्ब पेटले कसे?" मी विचारलं.

"बॅटरी घरून भरून आणली होती," सर म्हणाले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची इन्व्हर्टरची बॅटरी १.८ युनिट वीज साठवते. दहा-दहा वॉटचे दोन बल्ब आणि मोकळी फिरणारी मोटर तिच्यावर काही तास आरामात चालेल. अर्धा तास म्हणजे काहीच नाही. पण तीन एचपीचा पंप तासाला सव्वादोन युनिटच्या आसपास वीज खातो. गळती अजिबात धरली नाही तरी पाऊण तासात बॅटरी रिकामी. म्हणून त्याने बल्ब दाखवले, पंप दाखवला नाही.

त्याच्याकडे पेटंटचा एक कागदही होता. सरांनी तो वाचायला लावला. तो पेटंट मिळाल्याचा नव्हता, नुसता अर्ज केल्याचा होता. अर्ज कुणीही करतो, आपण योजनेचे किती करतो! आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यातल्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय की, निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या दाव्याला शोध मानता येत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही त्या माणसाला बोलावलं. मी म्हटलं, "दादा, काकूंच्या विहिरीवर यंत्र लावा. सकाळी सात ते संध्याकाळी पाच पंप चालवा. आम्ही सगळ्या दिवसभर तिथेच बसतो, तुमचं जेवण आमच्याकडे. पाच वाजता पंप चालू असला तर पैसे मोजून देऊ." तो म्हणाला, सर्किट नाजूक आहे, पहिल्या दिवशी जोर देता येत नाही. मग म्हणाला, दुसऱ्या गावात तीन नोंदण्या झाल्यात, तुमचा नंबर जाईल. मग गेला तो गेलाच. फोन बंद. काकूंचे पाच हजार बुडाले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली, पैसे अजून मिळालेले नाहीत.

काकूंना आम्ही एका शब्दाने बोललो नाही. त्या हावरेपणाने फसल्या नव्हत्या, पोराच्या काळजीने फसल्या होत्या. अशी यंत्रं विकणारे आपली नेमकी दुखरी जागा बघून येतात. आणि काकू एकट्या चुकल्या नव्हत्या, अर्ज भरायला मीच बसले होते. म्हणून आता काकूंना सौर पंप मिळावा यासाठी आम्ही अर्ज केलाय. सौर पंपातही डिझेल नाही, बिल नाही. मग ती थाप का नाही? कारण तिथे जमेची बाजू उघड्या आभाळात दिसते. दुपारच्या कडक उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण हजार वॉट ऊर्जा पडते. पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं. तीन एचपीच्या पंपाला तीन हजार वॉटची पॅनेलं, म्हणजे पंधरा-सोळा चौरस मीटर जागा लागते. ढग आले की पाणी कमी आणि रात्री पंप बंद. तो आपल्या मर्यादा सांगतो, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. आणि काकूंच्या मुलाला दिवसा पाणी देता येईल, हेच तर हवं होतं.

मैत्रिणींनो, सिनेमे बघा, पोरांना बघू द्या. विज्ञानकथा वाचा, नारळीकरांची पुस्तकं गावच्या वाचनालयात मागा. व्हर्नची तोफ चुकली, पण माणूस चंद्रावर जाऊ शकतो हे स्वप्न खोटं नव्हतं. गोष्ट लिहिणारा आपल्याला फसवत नाही, तो सांगूनच कल्पना करतो. फसवतो तो, जो कल्पनेचं बिल फाडतो.

म्हणून आमच्या गटाने एक ठराव केलाय. कुठलंही नवं यंत्र, औषध, उपकरण घ्यायला कर्ज मागितलं, तर आधी तीन प्रश्न विचारायचे. एक, याला लागणारी ऊर्जा येते कुठून? दोन, वाटेत गळती किती? तीन, पूर्ण काम, पूर्ण वेळ, आमच्या जागेवर करून दाखवणार का? उत्तरं वहीत लिहायची आणि मगच सही. हे प्रश्न विचारायला बी.एस्सी. लागत नाही. जमाखर्च आपल्याला कळतोच.

आज रात्री एक करा. जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गोडं तेल लावा, दिव्यासमोर धरा आणि पोराबाळांना विचारा, इथून उजेड पार का जातो? उत्तर आलं नाही तर आता तुम्हाला सांगता येईल. पुढच्या बैठकीत ते तीन प्रश्न मोठ्याने वाचा. आणि काकूंच्या नातीसारखी एखादी पोर फार प्रश्न विचारत असेल, तर तिला गप्प करू नका. आमच्या गटाचे पंचाहत्तर हजार तिच्या एका प्रश्नाने वाचले.

पुन्हा भेटू. नमस्कार.